शरणपूर ते सातपूर

नाशिकच्या शरणपूर रोडवर आज दवाखाने आहेत, बँका आहेत, कॅफे आहेत आणि संध्याकाळी गाडी लावायला जागा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हा सगळा भाग गावाबाहेर होता. चर्च मिशनरी सोसायटी या ब्रिटिश मिशनने १८५० च्या दशकात इथे एक ख्रिस्ती वस्ती वसवली, तीच शरणपूर. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे कर्तेधर्ते. वस्तीत शाळा होती आणि शाळेच्या जोडीला हातकामाचं शिक्षणही होतं. १८६० च्या सुमारास तिथे सुतारकाम, लोहारकाम शिकायला जी मुलं आली, ती ना नाशिकची होती ना महाराष्ट्रातली. ती आफ्रिकेतली होती.

गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार समुद्रात अडवत असे आणि सुटका झालेल्यांना मुंबई बंदरात उतरवत असे. मोठी माणसं मिळेल त्या कामाला लागत. मुलांचं काय करायचं, हा सरकारपुढचा पेच होता. त्यातली बरीच मुलं शरणपूरच्या ‘आफ्रिकन असायलम’मध्ये धाडली गेली. आईबापांपासून तोडलेली, आपलं गाव नेमकं कुठे होतं हेही धड न सांगता येणारी ही पोरं. वंचित मुलांच्या हाताला धंदा शिकवण्याचा नाशिकमधला सुरुवातीचा मोठा प्रयोग झाला तो त्यांच्यावर.

हात तयार झाले, यात शंका नाही. १८६४ मध्ये इथे शिकलेले काही तरुण मोंबासाजवळच्या राबाई मिशनवर रवाना झाले. पुढच्याच वर्षी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईत आला आणि नाईल नदीच्या उगमाच्या शोधात निघताना त्याने नाशिकच्या या शाळेतली नऊ मुलं बरोबर घेतली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटलं आहे. लिव्हिंगस्टनने रोजनिशीत त्यांच्याविषयी तक्रारीही भरपूर केल्या आहेत. साहेबाच्या लेखी सगळं खापर हाताखालच्यांवरच फुटायचं. १८७२ मध्ये नाशिकला शिकलेली आणखी एक तुकडी त्याला जाऊन मिळाली. तिच्यात जेकब वेनराइट होता. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन वारला. तिथल्या झाडावर त्याच्या मृत्यूची नोंद कोरली ती वेनराइटने. सोबत्यांनी ते शव कित्येक महिन्यांची पायपीट करून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणलं, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत एक आफ्रिकन होता, नाशिकच्या शाळेत शिकलेला तोच वेनराइट.

ही गोष्ट सांगताना नाशिककराची छाती फुगणं साहजिक आहे. पण तिची दुसरी बाजू कोणी फारशी पाहत नाही. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत उभी राहिली. तिच्या उभारणीसाठी प्राइस स्वतः गेले, नाशिकची आफ्रिकन मंडळीही गेली आणि इथलं असायलम मिटलं. पंधरा वर्षं ज्यांना रंधा आणि घण चालवायला शिकवलं, त्यांना नाशिकने ठेवून घेतलं नाही. ठेवून घेणार तरी कोण? नाशिक हे तेव्हाही कारागिरांचंच गाव होतं. तांबट आळीत घणांचे ठोके चालत, भांडी बाजारात तांब्यापितळेची भांडी विकली जात. पण या धंद्यांची शाळा घरात होती. बाप शिकवी, मुलगा शिके. भांडवल, गिऱ्हाईक, उधारी आणि सोयरीक सगळं एकाच आळीतून येई. बाहेरच्याने हत्यार धरायला शिकून घेतलं तरी त्याला गिऱ्हाईक देणारं कोणी नव्हतं. हुन्नर अंगी आला, पण तो वापरायची वाट नाशिकमध्ये नव्हती. ती समुद्रापार शोधावी लागली.

नाशिकमधल्या धंदेशिक्षणाचा पुढचा दीडशे वर्षांचा इतिहास चाळताना हा पेच पुन्हा पुन्हा भेटतो. शिकवणं जमतं, शिकलेल्याला आत घेणं अडतं.

हे ज्याने फार नेमकं ओळखलं त्या माणसाचं नाशिकशी वेगळ्याच कारणाने नातं आहे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, हे महाराष्ट्राला पाठ आहे. त्यानंतर सात वर्षांनी, १९४२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. युद्धकाळात कारखान्यांना कुशल कामगार हवे होते आणि त्यासाठी चाललेली तांत्रिक प्रशिक्षण योजना याच खात्याकडे होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक सविस्तर निवेदन दिलं. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी या समाजाचं फारसं भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रशिक्षण मिळालं पाहिजे, असा त्यात आग्रह होता. पुढची मागणी तर अगदी व्यवहारी होती: सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत अस्पृश्य मुलांना शिकाऊ म्हणून घ्या. वर्ग काढा, एवढंच म्हणून बाबासाहेब थांबले नाहीत. जिथे काम चालतं आणि पगार मिळतो त्याच दारातून मुलांना आत घ्या, असं ते सांगत होते. नाशिक रोडला तेव्हा सिक्युरिटी प्रेस उभं राहून पंधराएक वर्षं झाली होती, हेही जाता जाता आठवावं.

युद्ध संपलं. प्रशिक्षणाची ती यंत्रणा आधी सैन्यातून परतलेल्यांसाठी, मग फाळणीच्या निर्वासितांसाठी वापरली गेली आणि १९५० मध्ये तिच्यातूनच ‘शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना’ सुरू झाली. आजच्या आयटीआयचं मूळ ते. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा आला. म्हणजे कागदावर दोन्ही पाय तयार झाले: एक संस्थेत शिकण्याचा, दुसरा कारखान्यात शिकण्याचा.

नाशिकच्या बाबतीत हे सगळं अगदी वेळेवर घडलं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि सातपूरच्या माळावर प्लॉट पडू लागले. १९६३ मध्ये यशवंतराव चव्हाण नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. ते संरक्षणमंत्री असताना ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. पाठोपाठ मायको आली, महिंद्रा आली, मग अंबडची वसाहत वाढली. मायकोची आज बॉश झाली तरी शहरातल्या चौकाचं नाव मायको सर्कलच आहे. तीर्थक्षेत्र आणि पेठांचं हे गाव एका पिढीत तीन पाळ्यांमध्ये चालणारं शहर झालं. त्र्यंबक रोडवरची सातपूरची आयटीआय या वसाहतीच्या अगदी तोंडाशी आहे. सिग्नललाही ‘आयटीआय सिग्नल’ म्हणतात.

आत काय शिकवतात, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. फिटर ट्रेड घेतलेल्या मुलाच्या हातात सुरुवातीला येते ती कानस. लोखंडी पट्टीचा एक तुकडा शेगड्यात आवळायचा आणि घासायचा. दिवसच्या दिवस. बाकावर शेगडा कोपराच्या उंचीला हवा, डावा पाय पुढे, वजन दोन्ही पायांवर, कानस पुढे जाताना दाब, मागे येताना नाही. नवख्याचा हात झोपाळ्यासारखा हलतो, त्यामुळे पट्टीच्या दोन्ही कडा जास्त घासल्या जातात आणि मध्ये पोट राहतं. मुलगा गुण्या लावून जॉब उजेडाकडे धरतो. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून प्रकाशाची फट दिसली की निदेशक काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. पुन्हा शेगडा. पुढे व्हर्नियर कॅलिपर येतो, ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा. मग एकमेकांत बसणारे दोन तुकडे करायचे असतात. ते हाताने सरकले पाहिजेत आणि हलता कामा नयेत.

घरच्यांना हे पटत नाही. दोन महिने शिकून पोरगं घरी काय घेऊन आलं, तर घासलेला लोखंडाचा चौकोन. सीएनसी मशीनच्या जमान्यात कानस कशाला, हा प्रश्न काही मुलंही विचारतात. त्याचं उत्तर त्याच त्र्यंबक रोडवर, बॉशच्या आवारात आहे. तिथे डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर तयार होतात. त्यांची मापं मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काम अर्थातच यंत्र करतं. पण यंत्रातून आलेला भाग बिघडला आहे हे ओळखायला, का बिघडला ते हुडकायला माणूस लागतो. ‘थोडंसं’ म्हणजे किती, हे ज्याच्या बोटांना ठाऊक आहे असा माणूस. बोटांना ते कानशीनेच कळतं. वेल्डरच्या बाबतीतही तेच. आर्क नीट पडला की आवाज एकसारखा तळल्यासारखा येतो, रॉड लांब गेला की तो फुटका होतो. जुना वेल्डर पाठमोरा उभा राहूनही पोराचा हात कुठे चुकला ते सांगतो.

या संस्थांत येतो कोण? दहावीत कमी गुण पडलेला, असा एक शिक्का समाजाने आयटीआयवर मारून ठेवला आहे. वेल्डर, प्लंबर, वायरमन अशा काही ट्रेडना तर आठवी पासवरही प्रवेश मिळतो. पण गुणांपेक्षा दुसरी गोष्ट ठरवणारी असते. घरात पुढची दोन वर्षं एक कमावता हात कमी चालेल का? शेतमजुराच्या, भंगार वेचणाऱ्याच्या, बांधकामावरच्या बिगाऱ्याच्या घरी सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे अर्धी मजुरी असते. सरकारलाही हे माहीत होतं, म्हणून आयटीआयच्या मुलांना विद्यावेतन होतं. किती? महिना ४० रुपये. दशकानुदशकं तो आकडा जागचा हलला नाही. भाव कुठल्या कुठे गेले. ४० रुपयांत एका वेळचं जेवणही मिळेना, तरी फाइलीत विद्यावेतन ‘चालू’ होतं. २०२३ मध्ये राज्य सरकारने ते ५०० रुपये केलं. साडेबारा पट वाढ ऐकायला मोठी वाटते. तिच्यावरून आधीचा आकडा किती केविलवाणा होता, तेवढं मात्र कळतं.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला हा हिशेब आणखी अवघड होतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण या डोंगरी पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर समाजाची वस्ती आहे. पाऊस मुबलक, पण तो वाहून जातो. भात, नागली, वरई निघाली की दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. या भागात शिक्षणाचं काम नवं नाही. दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये डांग सेवा मंडळ काढलं ते याच मुलांसाठी. नंतर सरकारी आश्रमशाळा आल्या, वसतिगृहं आली, पेठ-सुरगाण्यासारख्या ठिकाणी आयटीआयही आल्या. म्हणजे मुलाला शिकायला आता घाट उतरून यावंच लागतं असं नाही.

मग अडतं कुठे? इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र सुरगाण्यात मिळतं, इलेक्ट्रिशियनची नोकरी अंबडला असते. मध्ये शे-सव्वाशे किलोमीटर. सातपूरच्या श्रमिकनगरात किंवा अंबडजवळ चुंचाळ्यात खोली घ्यायची तर डिपॉझिट लागतं. मेसचे पैसे आगाऊ द्यावे लागतात. सेफ्टी शूज कंपनी देते, कंत्राटदार देईलच असं नाही. पहिला पगार हाती पडायला महिना उलटून जातो. या चाळीस-पन्नास दिवसांच्या खर्चाला कुठल्याही योजनेत रकाना नाही. शहरातल्या मुलाला हा काळ मामाच्या घरी काढता येतो. सुरगाण्याच्या मुलाचा मामाही सुरगाण्यातच असतो. कितीतरी शिकलेली मुलं गळतात ती इथे, कारखान्याच्या गेटपासून एका पगाराच्या अंतरावर.

आणि गळून ती कुठे जातात, हे पाहिलं तर आणखी एक गंमत कळते. गंमत म्हणायची तर. ती द्राक्षबागेत जातात. दिंडोरी, निफाडच्या बागा ज्यांच्या हातावर चालतात ते मजूर मोठ्या संख्येने पेठ-सुरगाण्याचे आणि पलीकडच्या डांगचे. टोळीने येतात, एकराचा भाव ठरवून उक्तं काम घेतात. एप्रिलमधली खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी, मग काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावणं, फेलफूट काढणं, विरळणी, घड वाढीच्या संजीवकाच्या (जीए) द्रावणात बुडवणं. यातलं कुठलंही काम ‘अकुशल’ नाही. गोडी छाटणीला काडीवर कितव्या डोळ्यावर कात्री लावायची, यावर त्या वर्षीचं पीक ठरतं. सबकेनची गाठ कुठे आहे, काडी किती जाड आहे, पिकलेली आहे का, हे पाहून छाटणारा क्षणभरात ठरवतो आणि पुढच्या काडीकडे वळतो. विरळणी करणाऱ्या बाईच्या कात्रीला घडातला कुठला मणी काढायचा आणि कुठला ठेवायचा हे कळतं. युरोपला जाणाऱ्या पेटीतला मणी ठरावीक जाडीचाच लागतो. एवढं कौशल्य असूनही सरकारी दप्तरात ही माणसं शेतमजूर आहेत, बस्स.

कामातून आलेलं कौशल्य तपासून त्याला प्रमाणपत्र द्यायची सोय सरकारने केलेली आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ‘पूर्वज्ञान मान्यता’ हा एक भागच आहे. थोडी उजळणी, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. कल्पना चांगली आहे. फक्त बागाईतदाराने प्रमाणपत्र पाहून एकराचा भाव वाढवून दिला पाहिजे. तो प्रमाणपत्र पाहत नाही, टोळीचा मुकादम कोण ते पाहतो. म्हणजे इथेही कागद आहे आणि त्याला दार नाही.

शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसाठी नाशिकमध्ये एक वेगळी खिडकी १९८९ पासून उघडी आहे: गंगापूर धरणाच्या वाटेवरचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढाला ‘पूर्वतयारी’ अभ्यासक्रम करून थेट पदवीला बसता येतं, ही सोय राज्यभरातल्या हजारो कामगारांनी आणि गृहिणींनी वापरली. आयटीआयच्या मुलांनाही आता भाषेचे विषय देऊन दहावी-बारावीची समकक्षता मिळवता येते. त्यामुळे ‘आयटीआय केली म्हणजे शिक्षण संपलं’ ही जुनी भीती तेवढी खरी राहिलेली नाही. घरोघरी मात्र ती अजून शाबूत आहे.

मुलींचं चित्र वेगळं आणि काहीसं अडखळणारं. आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, नाशिकला मुलींची स्वतंत्र शासकीय आयटीआयही आहे. पण ट्रेड निवडताना शिवणकाम, ब्यूटी पार्लर आणि संगणक या तिन्हींकडेच घरचे बोट दाखवतात. हे धंदे कमी प्रतीचे आहेत असं मुळीच नाही. प्रश्न एवढाच की त्यांतली कमाई गल्लीतल्या गिऱ्हाइकावर अवलंबून असते, तर टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन यांच्यामागे कारखान्याचा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा असतो.

आता कारखान्याच्या गेटच्या आत. १९६१ च्या कायद्यात पुढे बरेच बदल झाले. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. पाचवी ते नववी शिकलेल्याला किमान ५,००० रुपये, दहावी पासला ६,०००, आयटीआय पासला ७,००० रुपये महिना, असं विद्यावेतन त्यांत ठरवून दिलं. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत त्यातला पाव हिस्सा, कमाल दीड हजार रुपये, केंद्राने उचलला. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली आणि आयटीआय-पदविकाधारकांना सहा महिने, दरमहा ८,००० रुपये देऊ केले. म्हणजे पैशाच्या बाबतीत ४० रुपयांच्या जमान्यापासून आपण खरोखरच पुढे आलो आहोत.

खोट आहे ती ‘शिकाऊ’ या बिरुदाच्या वापरात. शिकाऊ उमेदवाराला कामगार कायद्यांचं पुरतं संरक्षण नसतं, त्याला कायम करण्याचं बंधन नसतं. २०१३ मध्ये ‘नीम’ नावाची योजना आली, शिकता शिकता कमवा म्हणून. पुढे अनेक औद्योगिक पट्ट्यांत तिच्याखाली भरलेली मुलं कायम कामगाराचंच काम शिकाऊच्या पैशात करू लागली, अशा तक्रारी कामगार संघटनांनी लावून धरल्या आणि शेवटी ती योजना गुंडाळली गेली. एखाद्या मुलाने वर्षभर एकाच मशीनवर एकच बटण दाबलं, तर त्याला उत्पादन म्हणायचं की प्रशिक्षण? सातपूर-अंबडमध्ये अशी मुलं भेटतात जी तीन कंपन्यांत तीन वेळा ‘ट्रेनी’ होती. वय चोवीस, अनुभव सहा वर्षांचा, हुद्दा अजून शिकाऊच. दुसरीकडे मुलाला मशीनमागून मशीन फिरवणाऱ्या, ड्रॉइंग वाचायला लावणाऱ्या, चुकलेला जॉब पुन्हा करू देणाऱ्या कंपन्याही याच वसाहतीत आहेत. उमेदवारांना त्या बरोबर ठाऊक असतात. वसतिगृहाच्या खोलीत ही यादी तोंडी फिरते आणि ती कुठल्याही सरकारी पोर्टलपेक्षा भरवशाची असते.

यावर निराळा उपाय शोधणारा एक माणूस पुणे जिल्ह्यातल्या पाबळला होऊन गेला. डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत डॉक्टरेट, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली मोठी नोकरी; ती सोडून १९८३ मध्ये त्यांनी दुष्काळी पाबळमध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेने नापास ठरवलेली पोरं हेच त्यांचे विद्यार्थी. एक धंदा दोन वर्षं शिकवण्याऐवजी वेल्डिंग, वीजजोडणी, बांधकाम, शेती, पशुपालन, प्राथमिक आरोग्य असं सगळं थोडं थोडं शिकवायचं आणि तेही गावाला खरोखर लागणाऱ्या कामातून. सरावासाठी खोटा जॉब नाही. शेतकऱ्याचं फाटक तुटलं आहे, ते दुरुस्त करायचं आणि पैसे घ्यायचे. फाटक लागलं नाही तर शेतकरी परत येतो, ती परीक्षा. हाच अभ्यासक्रम पुढे शाळांमध्ये ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ म्हणून आला. शिकवण्यातच गिऱ्हाईक गोवलं, यात कलबागांची हुशारी होती. शरणपूरच्या मुलांना जे मिळालं नव्हतं, ते पाबळने पहिल्या दिवसापासून दिलं. अर्थात मायक्रॉनमध्ये काम करणारा मशिनिस्ट पाबळच्या पद्धतीने तयार होणार नाही, आणि तसा दावा कलबागांनी केलाही नव्हता. पण सुरगाण्यासारख्या तालुक्यात, जिथे कारखाना नाही आणि पंप, सोलर, मोटरसायकल, घरकुलं मात्र गावोगाव आहेत, तिथे एका ट्रेडच्या प्रमाणपत्रापेक्षा पाच कामं येणारा हात जास्त चालेल असं वाटतं.

आता वारे थेट जर्मनीचे वाहत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, परिचारिका अशांना तिथे मागणी आहे. त्या राज्याची राजधानी स्टुटगार्ट, आणि सातपूरला कारखाना असलेल्या बॉशचं मुख्यालयही तिथेच जवळ. जर्मनीत तरुण मुलगा आधी कंपनीशी करार करतो आणि मग शिकू लागतो. आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात, बाकीचे शाळेत, पहिल्या महिन्यापासून पगार. म्हणजे बाबासाहेबांनी १९४२ मध्ये छापखान्यासाठी मागितलं होतं, जवळपास तेच. आपल्याकडे मुलगा आधी शिकतो आणि मग दार शोधत हिंडतो. जर्मनीला जायचं तर अडचण हुन्नराची नाही, भाषेची आहे. कोकणा बोलीत वाढलेल्या, आश्रमशाळेत मराठी आणि आयटीआयमध्ये मोडकं इंग्रजी शिकलेल्या मुलाला चौथी भाषा शिकायची आहे, आणि ती शिकत असताना घर कसं चालणार हा प्रश्न पुन्हा तोच.

एवढ्या लांबचं राहू द्या. जवळची, बिनखर्चाची म्हणावी अशी एक दुरुस्ती अजून झालेली नाही. आयटीआयचे प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात. अर्ज, पर्याय भरणं, गुणवत्ता यादी, एकामागोमाग फेऱ्या, हे सगळं जून ते ऑगस्टमध्ये. पेठ-सुरगाण्यात हाच भाताच्या आवणीचा हंगाम. घरातला प्रत्येक हात चिखलात असतो, घाटातल्या कितीतरी पाड्यांवर पावसात वीज आणि मोबाइलची रेंज दोन्ही जातात. यादी लागते, तीन-चार दिवसांत कागद घेऊन हजर व्हायचं असतं, निरोप पाचव्या दिवशी पोहोचतो. पहिल्या फेरीत मिळालेला इलेक्ट्रिशियन ट्रेड निघून जातो आणि शेवटच्या फेरीत जे उरलं असेल ते पदरात पडतं. आश्रमशाळेतल्या मास्तरांनी दहावीची परीक्षा संपली की, मुलं घरी जाण्याआधीच, जातीचा दाखला, आधार आणि बँकखातं तयार करून ठेवलं आणि निकालानंतर अर्ज शाळेतूनच भरला, तर यातलं बरंच टळतं. काही शाळांत मास्तर हे आपणहून करतात. बाकीच्या ठिकाणी जुलै उजाडला की पाड्यावरून एखादा मुलगा भर पावसात टेकडी चढतो, रेंज येते त्या दगडावर उभा राहतो आणि आपला नंबर लागला का ते पाहतो.